नोड-आधारित आणि लेयर-आधारित कंपोझिटिंग

कंपोझिटिंग म्हणजे वेगवेगळ्या स्रोतांतून आलेले चित्रघटक एकत्र आणून त्यांतून एकच सलग चलच्चित्र तयार करण्याची प्रक्रिया होय. हिरव्या पडद्यासमोर चित्रित केलेला नट, अन्यत्र टिपलेली पार्श्वभूमी, संगणकावर घडवलेले त्रिमितीय पात्र, धूर, पाऊस, सावली आणि अक्षरे असे घटक या टप्प्यावर एकमेकांत मिसळले जातात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे मांडणीच्या दृष्टीने दोन प्रमुख प्रकार पडतात. लेयर-आधारित सॉफ्टवेअरमध्ये घटक एकावर एक थरांच्या रूपाने रचले जातात. अडोबी आफ्टर इफेक्ट्स हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. नोड-आधारित सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्रिया एका स्वतंत्र चौकटीने दर्शवली जाते आणि या चौकटी रेषांनी जोडून प्रवाहाचा आलेख तयार होतो; न्यूक, फ्यूजन, नॅट्रॉन आणि ब्लेंडरमधील कंपोझिटर ही त्याची उदाहरणे आहेत.

दोन्ही पद्धतींमागील गणित एकच आहे. क्रियांचा क्रम कसा मांडला जातो, तो कोणाला दिसतो आणि काम पुढे गेल्यावर तो बदलणे किती सोपे राहते, यांत त्या वेगळ्या आहेत. त्यामुळे त्यांतील निवड सॉफ्टवेअरच्या ताकदीपेक्षा कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

## मूलभूत संकल्पना

### अल्फा वाहिनी

अंकीय चित्रातील प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा अशी तीन मूल्ये असतात. कंपोझिटिंगसाठी यांच्या जोडीला चौथे मूल्य लागते. तो बिंदू चित्रघटकाने किती व्यापला आहे हे ते मूल्य सांगते. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक आणि १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. या चौथ्या वाहिनीला अल्फा वाहिनी म्हणतात. एड कॅटमुल आणि ॲल्व्ही रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ही कल्पना मांडली.

लुकासफिल्मच्या संगणक विभागातील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दोन चित्रे एकत्र करण्याच्या १२ क्रियांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांपैकी ‘ओव्हर’ ही क्रिया सर्वाधिक वापरली जाते. रंगमूल्ये अल्फाने आधीच गुणलेली असतील, तर तिचे सूत्र असे आहे :

परिणाम = अग्रचित्र + (१ − अग्रचित्राचा अल्फा) × पार्श्वचित्र

अल्फाची बेरीजही याच सूत्राने होते. उदाहरणार्थ, दोन घटकांच्या कडा एकाच बिंदूवर येत असतील आणि दोघांचा अल्फा ०.५ असेल, तर एकत्रित अल्फा ०.५ + ०.५ × ०.५ म्हणजे ०.७५ इतका येतो. दोन घटक एकमेकांना तंतोतंत पूरक असले तरी त्या कडेवर २५ टक्के पार्श्वभूमी डोकावते आणि जोडाची बारीक रेघ दिसते. अशा ठिकाणी ‘ओव्हर’ऐवजी साधी बेरीज वापरावी लागते. हा दोष दोन्ही प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये सारखाच उद्भवतो आणि दोन्हींत त्याचा उपायही तोच असतो.

### क्रमाचे महत्त्व

‘ओव्हर’ क्रियेला साहचर्याचा गुणधर्म आहे. तीन घटकांपैकी कोणते दोन शेजारी घटक आधी एकत्र केले, यावर अंतिम चित्र अवलंबून नसते. म्हणून काही घटकांचा गट करून तो एकच घटक असल्याप्रमाणे वापरता येतो. मात्र या क्रियेला क्रमनिरपेक्षतेचा गुणधर्म नाही. वरचा घटक खाली नेल्यास चित्र बदलते.

इतर क्रियांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा असतो. एखादे चित्र १० बिंदूंनी धूसर करून नंतर दुप्पट मोठे केले, तर धूसरपणाही दुप्पट होऊन तो २० बिंदूंइतका दिसतो. आधी मोठे करून मग धूसर केल्यास तो १० बिंदूंइतकाच राहतो. रंगदुरुस्ती आणि अल्फाचा गुणाकार यांचा क्रम चुकल्यास घटकाभोवती काळी किंवा उजळ कड उमटते. नोड आणि लेयर या पद्धतींतील मुख्य भेद हा क्रम कोण ठरवतो आणि तो कोठे दिसतो, याच्याशी निगडित आहे.

## इतिहास

### संगणकपूर्व काळ

चित्रपटाच्या आरंभकाळात संयोजन कॅमेऱ्यातच केले जाई. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस यांनी एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण करून अनेक चमत्कृती साधल्या. भारतात दादासाहेब फाळके यांनी ‘लंका दहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांसारख्या मूकपटांत पौराणिक प्रसंग दाखवण्यासाठी युक्तिछायाचित्रणाचा उपयोग केला.

पुढे ऑप्टिकल प्रिंटर हे यंत्र प्रचारात आले. त्यात प्रक्षेपक आणि कॅमेरा समोरासमोर बसवलेले असत. एका फिल्मवरील प्रतिमा दुसऱ्या फिल्मवर उतरवताना मॅट, म्हणजे नको असलेला भाग झाकणारी काळी-पांढरी प्रतिमा, वापरून घटक जोडले जात. निळ्या पडद्यासमोरील चित्रणातून चांगली मॅट मिळवण्याची रंगभेदावर आधारित पद्धत पेट्रो व्लाहोस यांनी विकसित केली. ‘बेन-हर’ (१९५९) या चित्रपटासाठी तिचा वापर झाला. ऑप्टिकल पद्धतीत प्रत्येक नव्या प्रतीबरोबर फिल्मचे कण ठळक होत आणि तपशील कमी होत. चूक झाल्यास मागील टप्प्यापासून पुन्हा छपाई करावी लागे.

लेयर या कल्पनेचे मूळ ॲनिमेशनमध्ये सापडते. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतील अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर पात्रे काढून ती स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची पद्धत आणली. काच किंवा सेल्युलॉइडचे एकावर एक ठेवलेले थर हेच लेयर-आधारित सॉफ्टवेअरचे प्रारूप होय. नोडच्या आलेखाचे साम्य त्याऐवजी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राकडे जाणाऱ्या तारांच्या जोडणीशी आहे.

### सॉफ्टवेअरचा विकास

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही पद्धतींची महत्त्वाची साधने जवळजवळ एकाच वेळी आकाराला आली. आफ्टर इफेक्ट्सची पहिली आवृत्ती जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट या संस्थेने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ही संस्था आल्डस कंपनीने घेतली आणि १९९४ साली आल्डस अडोबीत विलीन झाली. त्याच वर्षी आलेल्या फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयरची सोय होती. त्यामुळे स्थिर चित्रावर काम करणाऱ्यांना आफ्टर इफेक्ट्समधील रचना ओळखीची वाटू लागली.

न्यूकचा विकास १९९३ पासून डिजिटल डोमेन या दृश्यपरिणाम संस्थेत अंतर्गत वापरासाठी सुरू झाला. त्याचे नाव ‘न्यू कंपोझिटर’ या शब्दांवरून पडले. ‘टायटॅनिक’ (१९९७) यासह त्या संस्थेच्या अनेक चित्रपटांत ते वापरले गेले आणि २००२ मध्ये त्याच्या निर्मात्यांना अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. २००७ साली न्यूकच्या विकासाची जबाबदारी लंडनच्या द फाउंड्री या कंपनीकडे गेली.

फ्यूजनची सुरुवात ऑस्ट्रेलियातील एका निर्मितिसंस्थेत झाली. पुढे कॅनडातील आयऑन सॉफ्टवेअरने ते विकले. २०१४ मध्ये ते ब्लॅकमॅजिक डिझाइनने विकत घेतले आणि २०१८ च्या डाविंची रिझॉल्व्ह १५ या आवृत्तीपासून ते संकलन व रंगसंस्काराच्या सॉफ्टवेअरचा भाग बनले. ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नोडवर चालणारा कंपोझिटर २००६ साली आला. ‘एलिफंट्स ड्रीम’ या लघुपटाच्या निर्मितीशी त्याचा विकास जोडलेला होता.

या इतिहासातील एक लक्षणीय प्रसंग शेक या नोड-आधारित सॉफ्टवेअरचा आहे. नथिंग रिअल या कंपनीने ते तयार केले होते आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटत्रयीसह अनेक मोठ्या निर्मितींत ते वापरले गेले. ॲपलने २००२ मध्ये नथिंग रिअल विकत घेतली आणि २००९ मध्ये शेकची विक्री बंद केली. शेकवर आपली कार्यपद्धती उभारलेल्या संस्थांना दुसऱ्या साधनाकडे वळावे लागले. नोडची मांडणी, चित्र मिसळण्याची सूत्रे आणि मॅट काढण्याचे कौशल्य मात्र नव्या साधनातही उपयोगी पडले.

## लेयर-आधारित पद्धत

या पद्धतीत पडद्याच्या खालच्या भागात काळरेषा, म्हणजे टाइमलाइन असते. प्रत्येक घटक आडव्या पट्टीच्या रूपात दिसतो. पट्टीची डावी कड घटकाचा आरंभ आणि उजवी कड त्याचा शेवट दाखवते. सर्वांत खालचा लेयर आधी चित्रात येतो आणि त्यावर क्रमाने वरचे लेयर मिसळतात. घटक कधी येतो, किती वेळ टिकतो आणि कोणत्या क्षणी हलतो, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

लेयरच्या आतील क्रियांचा क्रम सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये साधारणपणे आधी मास्क, मग परिणाम आणि त्यानंतर स्थान, आकार व फिरणे यांची अंमलबजावणी होते. म्हणून १० बिंदूंचा धूसरपणा लावलेला लेयर दुप्पट मोठा केल्यास वर दिलेल्या उदाहरणाप्रमाणे धूसरपणाही वाढतो. हा क्रम बदलायचा असल्यास आकार बदलण्याची क्रिया परिणाम म्हणून लावावी लागते, खालच्या सर्व थरांवर चालणारा समायोजन लेयर वापरावा लागतो किंवा प्रीकॉम्प तयार करावा लागतो.

प्रीकॉम्प म्हणजे काही लेयर एकत्र करून बनवलेली स्वतंत्र रचना. ती मूळ रचनेत एकाच लेयरप्रमाणे दिसते. गुंतागुंतीच्या कामात प्रीकॉम्प अपरिहार्य ठरतो. परंतु त्याच्या आत काय घडते हे बाहेरून दिसत नाही. प्रीकॉम्पच्या आत दुसरा आणि त्याच्या आत तिसरा अशी उतरंड झाली, की एखादा परिणाम नेमका कोठे लावला आहे हे शोधण्यासाठी एकेक पातळी उघडून पाहावी लागते. शिवाय आतील लेयरचा ‘मल्टिप्लाय’ किंवा ‘स्क्रीन’ यांसारखा मिश्रणप्रकार सामान्यतः त्या प्रीकॉम्पपुरताच मर्यादित राहतो. त्यामुळे केवळ सोयीसाठी केलेल्या गटानेही चित्र बदलू शकते.

एका लेयरची आकृती दुसऱ्याला मॅट म्हणून देण्याची सोय आफ्टर इफेक्ट्समध्ये पूर्वीपासून होती. पण मॅटचा लेयर लगेच वरच्या जागी असावा लागे आणि एक मॅट अनेकांना हवी असल्यास तिच्या प्रती कराव्या लागत. ऑक्टोबर २०२२ मधील आवृत्तीपासून कोणताही लेयर मॅट म्हणून निवडता येतो आणि तीच मॅट अनेक लेयरना देता येते.

## नोड-आधारित पद्धत

नोड ही एका क्रियेची चौकट असते. चित्र वाचणे, रंग बदलणे, धूसर करणे, मॅट काढणे, दोन चित्रे मिसळणे आणि निकाल साठवणे यांसाठी वेगवेगळे नोड असतात. एका नोडचा निकाल रेषेने पुढील नोडला दिला जातो. प्रवाह एकाच दिशेने जातो आणि कोणताही निकाल फिरून स्वतःच्याच उगमाकडे येत नाही. गणितात अशा रचनेला दिष्ट अचक्रीय आलेख म्हणतात.

या मांडणीत क्रम गृहीत धरलेला नसतो, तो काढलेला असतो. धूसर करण्याचा नोड आकार बदलणाऱ्या नोडच्या आधी आहे की नंतर, हे आलेखातच दिसते आणि रेषा दुसरीकडे जोडून बदलता येते. एका नोडचा निकाल कितीही शाखांना देता येतो. त्यामुळे एकदा काढलेली मॅट नटाला कापण्यासाठी, त्याची सावली घडवण्यासाठी, कडेवर पार्श्वभूमीचा उजेड पसरवण्यासाठी आणि फिल्मच्या कणांचे प्रमाण ठरवण्यासाठी वापरता येते. उगमाशी केलेली दुरुस्ती सर्व शाखांत आपोआप पोहोचते.

त्रिमितीय चित्रणातून येणाऱ्या अनेक वाहिन्या हाताळण्यासही ही पद्धत सोयीची असते. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ मध्ये खुल्या केलेल्या ओपनईएक्सआर या फाइलप्रकारात रंगांबरोबरच प्रकाशाचे वेगवेगळे भाग, खोली आणि वस्तूंच्या मॅट एकाच फाइलमध्ये ठेवता येतात. नोडच्या एकाच रेषेतून या सर्व वाहिन्या वाहून नेता येतात. लेयर पद्धतीत त्यांतील हवी ती वाहिनी बहुधा वेगळ्या लेयरवर काढून घ्यावी लागते.

न्यूक आणि फ्यूजन यांच्या प्रकल्पफाइल मजकुराच्या स्वरूपात असतात. आलेखाचा एखादा भाग निवडून त्याची नक्कल मजकूर म्हणून सहकाऱ्याला पाठवता येते आणि त्याच्या आलेखात तो पुन्हा नोडच्या रूपात उतरतो. मोठ्या संस्थांत प्रकल्पांवर स्वयंचलित प्रक्रिया करण्यासाठीही याचा उपयोग होतो.

या पद्धतीची अडचण काळाच्या मांडणीत आहे. घटकाचा आरंभ आणि शेवट आलेखात दिसत नाही. त्यासाठी वेळ सरकवणारे किंवा कालावधी ठरवणारे वेगळे नोड लावावे लागतात. शेकडो नोड अस्ताव्यस्त मांडल्यास आलेख वाचणेही कठीण होते. म्हणून मुख्य प्रवाह उभ्या सरळ रेषेत ठेवणे, नोडना अर्थपूर्ण नावे देणे आणि संबंधित नोडमागे रंगीत चौकट टाकणे असे संकेत पाळले जातात.

## दोन कामांचे उदाहरण

### हिरव्या पडद्याचे दृश्य

पावसात नावेवर उभ्या असलेल्या नटीचे दृश्य तयार करायचे आहे असे मानू. नटी हिरव्या पडद्यासमोर चित्रित केली आहे, नाव त्रिमितीय आहे, समुद्र वेगळा चित्रित केला आहे आणि पाऊस दोन थरांत आहे. एक नटीच्या मागे आणि एक पुढे. नटीच्या मॅटवर तिची सावली, ओल्या फळ्यांवरील प्रतिबिंब आणि केसांच्या कडेवरील उजेड अवलंबून आहेत. अंतिम तपासणीत दिग्दर्शकाला केसांची कड कातरलेली दिसली, तर मॅट नव्याने काढावी लागेल.

नोडच्या आलेखात मॅट काढणाऱ्या शाखेत दुरुस्ती केली, की सावली, प्रतिबिंब आणि उजेड सर्व बदलतात. लेयर पद्धतीत मॅटचे काम सुरुवातीपासून एका प्रीकॉम्पमध्ये ठेवले असेल आणि इतर लेयर त्याच प्रीकॉम्पवर आधारलेले असतील, तर तोच लाभ मिळतो. मूळ लेयरच्या स्वतंत्र प्रती केल्या असतील, तर मात्र प्रत्येक प्रत वेगळी दुरुस्त करावी लागते आणि त्यांतील एखादी राहून जाण्याचा धोका असतो. नोड पद्धत ही शिस्त रचनेतच घालून देते, तर लेयर पद्धतीत ती कलाकाराने स्वतः पाळावी लागते.

### श्रेयनामावली

आता ३० सेकंदांची श्रेयनामावली घेऊ. तीत २० नावे संगीताच्या ठेक्यावर येतात, सरकतात आणि विरतात. येथे मॅटच्या शाखा जवळजवळ नाहीत. प्रश्न वेळेचा आहे. लेयर पद्धतीत २० पट्ट्या ध्वनिलहरीच्या आलेखाखाली दिसतात. संगीत दोन ठेके पुढे ढकलले, तर पुढील सर्व पट्ट्या निवडून एकत्र सरकवता येतात. नोडच्या आलेखात हीच नावे २० शाखा होतात आणि त्यांतील कोणती केव्हा येते, हे प्रत्येक नोडची मूल्ये उघडल्याशिवाय कळत नाही. अशा कामासाठी लेयर पद्धत अधिक वेगवान आणि कमी चुकांची ठरते.

## तुलना

| निकष | लेयर-आधारित | नोड-आधारित |
|---|---|---|
| काळाची मांडणी | पट्ट्यांच्या रूपात स्पष्ट | वेगळ्या नोडमधून किंवा पूरक खिडकीतून |
| क्रियांचा क्रम | काही अंशी सॉफ्टवेअरने ठरवलेला | कलाकाराने जोडलेला आणि दृश्य |
| एका घटकाचा अनेक ठिकाणी वापर | प्रीकॉम्प, मॅटची निवड किंवा प्रतींद्वारे | शाखा काढून |
| अनेक वाहिन्यांच्या फाइल | वाहिन्या वेगळ्या काढून | एकाच प्रवाहातून |
| दुसऱ्याचे काम समजून घेणे | प्रीकॉम्प उघडत जाऊन | आलेख वाचून |
| अक्षरे व आकृत्यांची हालचाल | विशेष अनुकूल | शक्य, पण तुलनेने संथ |
| सुरुवातीचे शिक्षण | फोटोशॉप जाणणाऱ्यांना सोपे | अल्फा व क्रमाची जाण आधी आवश्यक |

## निवडीचे निकष

कामाचे स्वरूप. अक्षरे, बोधचिन्हे, माहितीचित्रे, जाहिराती आणि दूरचित्रवाणीच्या झलका यांत वेळ हा मुख्य घटक असतो. तेथे लेयर पद्धत सोयीची ठरते. चित्रित दृश्यात संगणकीय घटक बेमालूम मिसळायचे असतील आणि एकेका शॉटमध्ये अनेक मॅट व वाहिन्या असतील, तर नोड पद्धत योग्य ठरते.

कामाचे हस्तांतरण. दृश्यपरिणामांच्या मोठ्या संस्थांत एकाच शॉटवर अनेकजण काम करतात. रोटोस्कोपी, म्हणजे चौकटीगणिक आकृती रेखून मॅट बनवणे, एक विभाग करतो. नको असलेल्या तारा पुसण्याचे काम दुसरा. अंतिम संयोजन तिसरा. आधीच्या व्यक्तीने काय केले हे तिला न विचारता कळणे तेथे आवश्यक असते. एकट्याने आरंभापासून शेवटपर्यंत काम करणाऱ्याला ही गरज कमी भासते.

उशिरा येणारे बदल. बदल वेळेत होणार की चित्रात, याचा अंदाज आधी घेणे उपयुक्त ठरते. वेळेतील बदल लेयरमध्ये स्वस्त असतात, तर चित्राच्या मुळाशी होणारे बदल नोडमध्ये.

खर्च आणि परवाना. ब्लेंडर व नॅट्रॉन ही मुक्त परवान्याची सॉफ्टवेअर आहेत. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन समाविष्ट आहे. न्यूकची अव्यावसायिक आवृत्ती शिकण्यासाठी विनामूल्य मिळते, मात्र तिच्यातून निघणारे चित्र १९२० × १०८० बिंदूंपुरते मर्यादित असते. आफ्टर इफेक्ट्स वर्गणी भरून वापरावे लागते.

टिकाऊपणा. शेकच्या उदाहरणावरून दिसते, की लोकप्रिय साधनही बंद होऊ शकते. जुने प्रकल्प पुन्हा उघडता येतील याची खात्री नसते. म्हणून अंतिम चित्राबरोबर महत्त्वाचे मधले टप्पे व मॅट ओपनईएक्सआरसारख्या खुल्या प्रकारात साठवणे हितावह मानले जाते.

## प्रचलित गैरसमज

नोड-आधारित सॉफ्टवेअरमधून मिळणारे चित्र आपोआप अधिक दर्जेदार असते, हा एक सार्वत्रिक समज आहे. चित्राचा दर्जा मांडणीवर नव्हे, तर गणनेची अचूकता, रंगावकाश आणि अल्फाची हाताळणी यांवर अवलंबून असतो. न्यूक सर्व गणना ३२ बिट दशांश मूल्यांत आणि प्रकाशाच्या रेषीय प्रमाणात करते. आफ्टर इफेक्ट्समध्ये ३२ बिटची सोय २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. परंतु नवा प्रकल्प मूलतः ८ बिटमध्ये सुरू होतो आणि रेषीय मिश्रणाचा पर्याय स्वतः निवडावा लागतो.

या फरकाचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. पांढरा आणि काळा रंग निम्मे-निम्मे मिसळल्यास पडद्यासाठी सांकेतिक केलेल्या मूल्यांवर निकाल २५५ पैकी सुमारे १२८ येतो. रेषीय प्रमाणात मिसळून नंतर एसआरजीबी प्रमाणानुसार सांकेतिक केल्यास तो सुमारे १८८ येतो. धूसर कडा, हालचालीतील पुसटपणा आणि दिव्यांची प्रभा दुसऱ्या रीतीत अधिक नैसर्गिक दिसतात. अनेकदा नोडचे श्रेय मानला जाणारा दर्जा प्रत्यक्षात या मांडणीचा असतो आणि तो लेयर पद्धतीतही मिळवता येतो.

लेयर पद्धत ही केवळ नवशिक्यांसाठी असते, हाही गैरसमज आहे. अक्षरांच्या हालचालीत तिचे स्थान व्यावसायिक पातळीवरही दृढ आहे.

## मिश्र पद्धती

दोन्ही प्रकारांतील सीमा पूर्णपणे काटेकोर नाही. आता ऑटोडेस्ककडे असलेल्या फ्लेममध्ये टाइमलाइनबरोबर ‘बॅच’ नावाचा नोडचा आलेख आहे. न्यूकमधील रोटोस्कोपीच्या नोडमध्ये आकृत्यांची यादी थरांप्रमाणे मांडलेली असते. आफ्टर इफेक्ट्समध्ये रचनेचा प्रवाहालेख पाहता येतो, पण त्यात जोडणी करून नवी रचना घडवता येत नाही. डाविंची रिझॉल्व्हमध्ये संकलन टाइमलाइनवर आणि प्रत्येक तुकड्याचे संयोजन नोडमध्ये होते.

व्यवहारात एकाच चित्रपटासाठी दोन्ही साधने वापरली जातात. शॉटचे संयोजन नोडमध्ये करून श्रेयनामावली आणि दृश्यात दिसणाऱ्या भ्रमणध्वनी किंवा संगणकाच्या पडद्यांवरील हालती चित्रे लेयरमध्ये तयार केली जातात. त्यांची देवाणघेवाण चौकटींच्या क्रमिक फाइलद्वारे होते. अशा वेळी अल्फा गुणलेला आहे की नाही आणि रंगावकाश कोणता आहे, हे फाइलबरोबर कळवणे आवश्यक असते.

## भारतातील संदर्भ

मुंबई हे भारतातील दृश्यपरिणाम व्यवसायाचे प्रमुख केंद्र आहे. १९९७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्राइम फोकस या कंपनीची २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्ह या संस्थेशी जोडणी झाली. हैदराबाद, चेन्नई आणि बंगळूर येथेही असे स्टुडिओ आहेत. परदेशी चित्रपटांच्या रोटोस्कोपीचे आणि चित्रातील नको असलेले घटक पुसण्याचे बरेच काम भारतात होते. काम खंडांच्या पलीकडे हस्तांतरित होत असल्याने तेथे नोडचा आलेख वाचता येणे हे आवश्यक कौशल्य ठरते. याउलट जाहिराती, वाहिन्यांच्या झलका आणि समाजमाध्यमांवरील चलच्चित्रे यांत लेयर पद्धतीची जाण अधिक उपयोगी पडते.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने दोन्ही क्षेत्रांना जोडणारा पाया समान आहे. अल्फा, मॅट, क्रम, रेषीय प्रकाश आणि कडांचे निरीक्षण या गोष्टी एका साधनात शिकल्या, की दुसऱ्यात नव्याने शिकाव्या लागतात त्या केवळ मांडणी आणि आज्ञा.

## हे सुद्धा पहा

* अल्फा वाहिनी
* क्रोमा की
* रोटोस्कोपी
* ऑप्टिकल प्रिंटर
* दृश्यपरिणाम